भेगा बुजवलेली होडी

तिवस्याच्या अलीकडे, नागपूर रस्त्यापासून थोडं आत, शेवंतीच्या वावराला लागून पत्र्याची एक लांब शेड आहे. नवख्या माणसाला वाटतं, आत ट्रॅक्टर असेल, नाहीतर कांदा भरलेला असेल. आत होड्या आहेत. सहा. त्याही शिडाच्या. समुद्र इथून सहाशे किलोमीटरवर, आणि शेडचा मालक शेषराव जातीचा माळी. त्याच्या सात पिढ्यांत कुणी गुडघ्यापेक्षा खोल पाण्यात उतरलेलं नाही. यावर ज्याला हसायचं असेल त्याने हसून घ्यावं. सगळं गाव बारा वर्षांपूर्वीच हसून मोकळं झालंय.

वेड लागलं ते चिखलदऱ्याला. एका हॉटेलात लग्न होतं, शेषराव टेम्पो भरून फुलं घेऊन गेला होता. हॉटेलच्या मागे म्हशीपुढे एक लांबोळकं भांडं ठेवून त्यात कुटार टाकलेलं होतं. भांडं कसलं, फायबरची जुनी होडी होती ती; डोलकाठी रोवायचं भोक मधोमध तसंच होतं. शेषरावने कुटार बाजूला सारून तिच्या काठावरून हात फिरवला आणि गडी तिथेच कामातून गेला. म्हशीला नवी गव्हाण घेऊन द्यायची, या बोलीवर होडी त्याच टेम्पोतून घरी आली.

त्याच्या बायकोने, तानुबाईने, टेम्पोत डोकावून पाहिलं. "हे काय आनलं बाप्पा? फुलं विकाले गेलते का अक्कल विकाले?"

उत्तर त्याला सुचलं ते पुढे कधीतरी, होडीला पॉलिश पेपर घासता घासता. "माह्या हातचं सकाळी खुडलं का संध्याकाळी उकिरड्यावर जाते," तो म्हणाला. "हार असो का गजरा. मी केलेली एखादी वस्तू तं टिकली पाह्यजे ना?" हे ऐकल्यापासून तानुबाईने टोचून बोलणं सोडलं. उलट शिडाचं कापड आपल्या शिलाई मशीनवर तीच शिवून द्यायला लागली. शेड भरत गेली. कुठे शाळेची जुनी होडी मोडीत निघाली, कुठे तलावावरचं बोटिंग बंद पडलं, की शेषराव तिथे हजर.

आणि एका भंगाराच्या दुकानात त्याला खुशालराव भेटले. भेटले ते भांडणातूनच. अकोल्याच्या ओमप्रकाश भंगारवाल्याकडे कुठल्याशा बुडालेल्या क्लबची होडी आलीय, असं कळल्यावर शेषराव पहिल्या एसटीने गेला, तर पांढऱ्या टोपीतला एक उंचेला म्हातारा आधीच होडीत मांडी घालून बसलेला.

"म्या पाह्यली आधी," म्हातारा म्हणाला.

"बसले तुमी आधी. पाह्यली कोनं, काय माईत," शेषराव म्हणाला.

ओमप्रकाशला इतकं गोड भांडण धंद्यात कधी मिळालं नव्हतं. तो भाव वाढवत गेला आणि हे दोघे तावातावाने चढत गेले. शेवटी म्हाताऱ्याच्याच ध्यानात आलं. त्याने शेषरावच्या खांद्यावर हात टाकला. "अबे, आपन दोघं भांडून राहिलो अन् हा हासून राहिला. दोघं मिळून घेऊ."

असे खुशालराव. अकोल्याच्या जुन्या शहरात, मोर्णेपलीकडे घर. काळ्या जमिनीचे पिढीजात कास्तकार. वावर आता मुलगा अमोल पाहत होता, म्हणून म्हाताऱ्याला वेळच वेळ. शेषरावपेक्षा दहा-बारा वर्षांनी मोठे. बैलगाडी, वखर, तिफण यांत हयात गेलेली, त्यामुळे लाकूड त्यांना बोलल्यासारखं कळायचं. शेषरावचं बोट हार ओवणारं, नाजूक. पॉलिश, रंग, दोऱ्यांच्या गाठी त्याच्याकडे. आठवड्यातून एक-दोनदा खुशालराव तिवस्याला यायचे, शेडमध्ये दिवस घालवायचे आणि तानुबाईच्या हातची भाकर खाऊन परत जायचे. धरण भरलं की परवानगी काढून दोघे होडी पाण्यात घालायचे. पोहता दोघांनाही येत नव्हतं; छातीला ट्रॅक्टरच्या ट्यूबा बांधून हे दोन बहाद्दर शीड उभारायचे, आणि वाऱ्याने जिकडे नेलं तिकडेच आपल्याला जायचं होतं असं एकमेकांना सांगायचे. शेषरावला तेवढा जिवाभावाचा माणूस दुसरा नव्हता. घरच्यांवर माया असते, पण आपलं वेड ज्याला न सांगता कळतं असा माणूस जन्मात एखादाच भेटतो.

मोडली ती मैत्री सहाव्या होडीवरून.

ही होडी फायबरची नव्हती. कोकणातल्या कुण्या सुताराने फणसाच्या फळ्या एकीला एक भिडवून केलेली, आतून वाकवलेल्या लाकडाच्या फासळ्या. दोघांनाही अशी होडी पहिल्यांदाच मिळाली होती. पण ती शेडमध्ये आली वैशाखात. वऱ्हाडातला वैशाख, वरून तापलेले पत्रे. महिनाभरात फळ्या अशा आकसल्या की दोन फळ्यांच्या मधून पलीकडचं ऊन दिसायला लागलं.

"भिऊ नोको," खुशालराव म्हणाले होते. "सूत भर. कापसाचं, पिळलेलं. पन ढिलं भर. वरून जराशी रंगाऱ्याची लांबी लाव, अन् दोन-तीन दिस पान्यात राहू दे. पह्यले गयन, मंग लाकूड फुगते अन् आपोआप भेग मिटते. उन्हाऱ्यात गाडीचं चाक ढिलं झालं तं आपन काय करतो? नाल्यात टाकून देतो ना रातभर?"

सूतही त्यांनीच आणून दिलं होतं. त्यांच्या बायकोने, दुर्गाबाईने, देवाच्या वाती वळतात तसं घरी बसून वळलेलं, चांगलं मोठं भेंडोळं.

शेषरावला ते पटलं नाही. पहिल्या दिवशी गळणारी होडी? लोकांसमोर? ज्या माणसाला टिकाऊपणाचीच भूक, त्याला ढिलं ठेवायला सांगणं म्हणजे उपाशी माणसाला अर्धं पान वाढण्यासारखं. अमोलच्या सासुरवाडीला लग्न होतं म्हणून खुशालराव आठवडाभर आले नाहीत, तेवढ्यात याने लाकडाच्या भुशात दोन डब्यांतलं मिसळलं की दगडासारखा घट्ट होणारा डिंक कालवला आणि एकूण एक भेग गच्च बुजवून टाकली. वरून असा घासला की बोटाला सांधा लागू नये.

खुशालराव आले, होडीपाशी उकिडवे बसले, फळीवरून हात फिरवला आणि कपाळाला आठी घालून तसेच उठले.

"काहून केलं असं? फुगाले जागा नाई ठेवली तू. फुटन ही."

"नाई फुटत."

"अबे, म्या सांगतलं होतं तुले..."

"तुमी सांगतलं होतं!" शेषराव उसळला. उकाडा होता, आठ दिवस राबलेले हात दुखत होते, आणि कौतुकाऐवजी हे. "तुमाले कालचं काही आठवत नाई. परवा फोन ठेवला अन् पाच मिन्टानं पुन्हा तेच इचाराले फोन केला. अन् मले शिकवता?"

खुशालरावांनी टोपी नीट केली, कोपऱ्यातलं सुताचं भेंडोळं उचललं आणि एसटीच्या थांब्याकडे चालू लागले. शेषराव शेडच्या दारात उभा राहून पाहत होता. चार पावलं धावला असता तर गाठलं असतं. धावला नाही.

मग चौदा महिने गेले. सुंभ जळला तरी पीळ जळत नाही, त्यातली गत. आधी शेषरावला वाटलं, म्हातारा स्वतःच येईल. दिवाळी गेली, संक्रांत गेली. मग वाटलं, आपण फोन करावा. नंबर काढायचा आणि ठेवून द्यायचा, कारण फोन केला की पहिलं वाक्य कोणतं, ते ठरत नव्हतं. "चुकलो" म्हणावं तर होडीच्या बाबतीत तो चुकलेला नव्हताच, असं त्याचं मत. आणि जे बोललो ते चुकीचं होतं, हे त्याला त्याच संध्याकाळी कळलं होतं. पण अर्धी माफी मागायची कशी? होडी पाण्यात घालायची, ती कोरडी राहिली की मग मोठ्या मनाने जायचं आणि बोलण्याबद्दल माफी मागायची, असं त्याने स्वतःशी ठरवलं. माणूस स्वतःला फसवायला किती सोयीचे मुहूर्त काढतो! त्या साली धरण भरलं तेव्हा रंग बाकी होता, मग शीड बाकी होतं. होडी शेडमध्येच राहिली.

यंदाच्या श्रावणात एकदाची त्याने ती आपल्या शेततळ्यात सोडली. पहिला दिवस, आत थेंब नाही. दुसरा दिवस, थेंब नाही. शेषराव होडीत पालथा होऊन फळ्यांना गाल लावून पाहत होता. कोरड्या ठणठणीत. त्याने फोटो काढला आणि खुशालरावांच्या फोनवर पाठवला. खाली एक अक्षर लिहिलं नाही. फोटोच बोलेल म्हणाला. उत्तर आलं नाही.

चौथ्या दिवशी सकाळी तो झेंडू तोडत होता. तळ्याकडून कडकन आवाज आला. बांधावरची बाभूळ मोडली असेल म्हणून त्याने वर पाहिलं. मग दुसरा आवाज आला, मग तिसरा. तो धावत पोचला तोवर होडीच्या तीन फासळ्या मधोमध मोडल्या होत्या आणि एका बाजूची फळी पोट फुटल्यासारखी बाहेर आली होती. पाण्याने लाकूड फुगलं. फुगायला जागा नव्हती. भरलेला डिंक तसूभर हलला नाही. तुटलं ते लाकूड. शेषरावच्या डोळ्यांदेखत होडी काठावर कलली आणि भरली.

तानुबाई मागून आली. 

"फायबरचा थर चढवतो वरून," शेषराव म्हणाला. "आतून पट्ट्या मारतो. कोनाले दिसत नाई."

"कोनाले दिसू द्याचं नाई?" तिने विचारलं. "तुमाले अन् खुशालभाऊले सोडून ह्या गावात कोनाले कयते त्यातलं?"

त्याने वाकून होडीचा दोर ओढून पाहिला.

"काया वावराले उन्हाऱ्यात हातभर भेगा पडते. कोनी सिमेटनं बुजवते का थ्या? पानी आलं का मिटते." तिने पदर खोचला. "आता तं काही अर्धंमुर्धं राह्यलं नाई ना? बोलले तेबी चुकले अन् केलं तेबी चुकले. जा अन् सांगून या."

हे मात्र खरं होतं. पूर्ण चुकल्यावर माफी मागायला सोपं जातं, हे शेषरावला त्या दिवशी कळलं. त्याने आरीने मोडकी फासळी कापली, तिला चिकटलेले दोन फळ्यांचे तुकडे आणि मधला तो दगडी डिंक तसाच ठेवून ती पोत्यात गुंडाळली. दुसऱ्या पिशवीत वांगी, गवार, मूठभर शेवंती. दुसऱ्या दिवशी सकाळची एसटी धरून अमरावती, तिथून अकोला. वाटेत मूर्तिजापूरपर्यंत तो वाक्य घोकत होता: खुशालभाऊ, तुमचं खरं निघालं. माह्यं दोनी चुकलं.

दुर्गाबाईने दार उघडलं. ती हसली नाही, रागावलीही नाही. "या भाऊजी," म्हणाली आणि त्याला आधी स्वयंपाकघरातच नेऊन बसवलं.

"वयनी, खुशालभाऊ..."

"आहेत मंधात. पह्यले ऐका." तिने पाण्याचा पेला त्याच्या पुढ्यात ठेवला. "तुमचा फोटो आलता. मीच दाखवला त्याईले. पाह्यत राहिले, पाह्यत राहिले. मंग म्हने, झ्याक बोट आहे, कोनाची हो?"

शेषरावला आधी समजलंच नाही. तिने ते सरळ सांगितलं. विसरण्याचा आजार आहे. वर्ष-सव्वा वर्षात फार वाढला. मुलगा ओळखू येतो, सून कधी येते कधी नाही. गल्लीच्या तोंडाशी गेले तर घर सापडत नाही.

"केव्हापासून?"

"डॉक्टरनं तं मागच्या सालच्या होईलेच सांगतलं होतं."

शेषरावने मनात हिशेब केला. होळी फाल्गुनात. भांडण ज्येष्ठात. म्हणजे त्या दुपारी शेडमध्ये, तो जे बोलला ते ऐकताना, खुशालरावांना सगळं ठाऊक होतं. आणि शेषरावने नेमकं तिथेच बोट ठेवलं होतं.

"मले काहून नाई कयवलं वयनी?"

"त्याईनंच नाई म्हनलं. त्या दिशी घरी आले, जेवले नाई. म्हने शेषरावले सांगू नोको, त्याच्या मनाले लागन, बोलून बसला बिचारा." दुर्गाबाईने डोळ्यांना पदर लावला. "मले तुमचा राग आलता भाऊजी. लय आलता. त्याईले नाई आला."

शेषराव मोठ्याने रडला. साठीच्या माणसाने परक्या स्वयंपाकघरात रडू नये असं म्हणतात, म्हणणाऱ्यांनी म्हणावं.

खुशालराव मधल्या खोलीत पलंगावर बसून कापूस वळत होते. वाळले होते, पण टोपी तीच, पांढरी. शेषराव समोर गेला, तेव्हा त्यांनी फार आदराने पाहुण्याकडे पाहावं तसं पाहिलं.

"या, या. बसा. कोनत्या गावचे?"

एसटीत घोकलेलं वाक्य आता कुणाला सांगायचं? ज्याच्याशी भांडण झालं तो माणूस या खोलीत नव्हता. शेषरावने पोतं सोडलं आणि तो तुकडा म्हाताऱ्याच्या मांडीवर ठेवला.

हात आधी चालले. फासळीच्या मोडीवरून अंगठा गेला, मग फळीवरून, मग दोन फळ्यांच्या मधल्या त्या घट्ट रेघेवर येऊन थांबला. खुशालरावांच्या कपाळाला आठी पडली. चौदा महिन्यांपूर्वीची, हुबेहूब तीच.

"कोनं बुजवल्या ह्या भेगा?"

"म्या."

"काहून? फुगाले जागा नाई ठेवली तू! लाकूड आहे हे, लोखंड नाई. सूत भराव लागते. ढिलं." आणि मांडीवरचं वळलेलं सूत उचलून त्यांनी त्याच्यासमोर धरलं. "कोनं सांगतलं नाई तुले?"

"सांगतलं होतं," शेषराव म्हणाला. "म्या ऐकलं नाई. उलट बोललो त्याईले, नाई बोलाचं तेच बोललो. माह्यं दोनी चुकलं, खुशालभाऊ."

म्हाताऱ्याने त्याच्याकडे निरखून पाहिलं. शेषरावला वाटलं, आता ओळखतील. पण ती नजर त्याच्या चेहऱ्यावरून जाऊन पुन्हा लाकडावर आली.

"चुकलं तं चुकलं. बाभयीची नवी फासळी घाल, होते नीट. कोनत्या गावचे म्हनले?"

"तिवस्याचा."

"तिवस्याचे!" खुशालराव उजळले. "मंग शेषराव माईत असन तुमाले. फुलंवाला. मोठा जिद्दी मानूस, पन हात पाहा त्याचा, सोन्याचा. म्या रागानं निंगून आलतो त्याच्याकडून. कायचा राग व्हता, थे नाई आठवत आता. त्याले एक निरोप सांगसान?"

"सांगतो."

"म्हना, खुशालरावनं बलावलं. माह्याच्यानं आता येनं होत नाई. अन् म्हना, लवकर ये. मी लय इसरून राहिलो आजकाल."

दाराशी दुर्गाबाई उभी होती. तिने तोंड फिरवलं.

"येते तो," शेषराव म्हणाला. "नक्की येते."

तो दर गुरुवारी जातो. पहाटेची तोडणी लवकर उरकतो, अमरावतीच्या फुलबाजारात माल उतरवतो आणि तसाच अकोल्याची गाडी धरतो. सोबत बाभळीची नवी तासलेली फासळी असते. खुशालराव तिच्यावरून हात फिरवतात आणि कुठे अजून तासायला हवं ते सांगतात, आणि आता शेषराव सांगितलेलं तंतोतंत ऐकतो. दोघे बसून सूत वळतात. अजून एकदाही त्यांनी त्याला नावाने हाक मारलेली नाही. तो मोडका तुकडा मात्र त्यांनी उशाशी ठेवून घेतलाय, आणि केव्हा ना केव्हा त्यांचा हात त्याच्यावर जातोच.

"कोनं बुजवल्या ह्या भेगा?" ते चिडून विचारतात.

"म्या," शेषराव म्हणतो. "तुमी सांगतलं होतं. म्या ऐकलं नाई, अन् उलट बोललो. चुकलो."

चौदा महिने जे त्याच्या तोंडून एकदाही निघालं नव्हतं, ते तो आता दर गुरुवारी म्हणतो. सवयीने सोपं होईल असं त्याला वाटलं होतं. अजून झालेलं नाही.